शिडीचा नियम कुणाला कामाला लावतो?

कारखान्यात मेंटेनन्सची माणसं आणि सेफ्टीची माणसं यांच्यात एक वाद कायम चालू असतो: साध्या शिडीवर चढायला एवढे नियम कशाला? या वादाच्या दोन्ही बाजूंना मी काम केलं आहे. आधी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये, मग औद्योगिक सुरक्षेची पदविका घेऊन सेफ्टी ऑफिसर म्हणून, पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत. त्यामुळे ‘नियम अती झालेत’ हे वाक्य मी ऐकलं आहे आणि तितक्याच मनापासून म्हटलंही आहे. या सगळ्या वर्षांत जे उमगत गेलं ते इथे क्रमाने मांडते आहे. तुमचं काम वेगळं असेल, तुमची शिडीही वेगळी असेल, पण यातलं काही ना काही तुमच्या ओळखीचं निघेल असं वाटतं.

१. नियमांबद्दल तक्रार करणारा माणूस बहुतेक वेळा कामचुकार नसतो.

“मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे,” असं म्हणणारा सहसा त्या पाळीतला सगळ्यात तरबेज इलेक्ट्रिशियन असतो. दिवा बदलायचा असतो, खाली काम अडलेलं असतं आणि परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, तिघांच्या सह्या लागत असतात. त्यातला एक मीटिंगमध्ये, एक जेवायला गेलेला. काम दोन मिनिटांचं आणि खोळंबा अर्ध्या तासाचा. त्याला येणारी चीड मला रास्त वाटते. पण अशा तक्रारी नीट ऐकायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. रुंद पायऱ्यांची, पायांचे रबरी बूट शाबूत असलेली, वर उभं राहायला फळी आणि भोवती कठडा असलेली शिडी दिली, तर तिच्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. ती जड असते, ढकलत आणावी लागते, तरी माणसं तीच मागतात. कुरकुर असते ती सह्यांबद्दल. म्हणजे ‘नियमांचा जाच’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. काही नियम चढणाऱ्याला काहीतरी देतात आणि काही त्याच्याकडून फक्त मागतात. शिडीचे नियम अती आहेत का, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, ते यामुळे.

२. जमिनीजवळची उंची जास्त फसवते.

चिमणीवर चढणारा माणूस आपोआप सावध असतो. पोटात गोळा येतो, हातांची पकड घट्ट होते, खाली उभे असलेलेही माना वर करून बघत राहतात. दोन मीटरवर यातलं काहीच होत नाही. तिथे माणूस बोलत बोलत चढतो. पण दोन मीटरवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदही न लागता जमिनीवर असतो, आणि तेव्हा त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो. एवढ्या वेळात फार तर हात पुढे जातो, म्हणून मनगट मोडतं. पायांवर आदळला तर टाचेचं हाड फुटतं. टाचेचं फ्रॅक्चर ऐकायला किरकोळ वाटतं, पण आठ तास उभं राहून काम करणाऱ्या फिटरला ते कित्येक महिने छळतं, कधी कधी त्याचं कामच बदलून टाकतं. मागे कोसळून डोकं काँक्रीटवर आपटलं तर जीव जायलाही एवढी उंची पुरते.

ब्रिटनमध्ये बांधकामाच्या नियमांत पूर्वी दोन मीटरची रेघ होती. २००५ साली उंचीवरच्या कामाचे नवे नियम आले आणि ती रेघ पुसली गेली. जिथून पडून इजा होऊ शकते ती प्रत्येक उंची नियमात आली. आपल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाचं ३२वं कलमही ‘जिथून पडण्याची शक्यता आहे अशी उंची’ असंच म्हणत होतं, मीटरचा आकडा देत नव्हतं. वाचताना हे मोघम वाटतं. दोन मीटरवरून पडलेल्या माणसाला दवाखान्यात भेटून आल्यावर मात्र तो मोघमपणा शहाणपणाचा वाटू लागतो.

३. शिडी खालून हलवून पाहिली की घट्ट वाटते, पण तिची खरी कसोटी वर गेल्यावर लागते.

भिंतीला टेकवलेली शिडी सरकते ती बहुधा माणूस वरच्या पायऱ्यांवर पोचल्यावर. यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. माणूस जसजसा वर जातो तसतसा शिडीचा तळ बाहेर सरकवणारा जोर वाढत जातो. शिडीचं स्वतःचं वजन बाजूला ठेवलं तर अर्ध्या उंचीवर तळाशी जेवढं घर्षण लागतं त्याच्या दुप्पट टोकाशी लागतं. म्हणून दुसऱ्या पायरीवर उभं राहून जोर देऊन पाहिलं आणि शिडी हलली नाही, यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. चार मीटर उंचीला तळ एक मीटर बाहेर ठेवावा, हा चारास एकचा नियम यातूनच आला आहे. त्याने शिडी जमिनीशी साधारण ७५ अंशांत उभी राहते. तळ याहून लांब गेला तर शिडी सरकायला बघते, फार जवळ आला तर माणसासकट मागे यायला बघते.

आमच्याकडे एक जुने फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. हा कोन त्यांनी कधी मोजला नाही. बुटांची टोकं शिडीच्या पायाशी टेकवायची, हात खांद्याच्या रेषेत समोर ताठ करायचे, तळवे पायरीला सहज पोचले की चढायचं. पुढे प्रशिक्षणाच्या पुस्तकात हीच कृती चित्रासह छापलेली पाहिली तेव्हा मी थक्क झाले. आपण ज्याला वरून लादलेला नियम समजतो, त्यातलं बरंचसं कुणा ना कुणा मामांच्या हातांना आधीपासून ठाऊक असतं. नियमाने ते बाकीच्यांसाठी लिहून ठेवलेलं असतं.

४. “अरे, शिडी धर रे!” ही आपल्याकडची सगळ्यात आवडती सुरक्षा सगळ्यात कच्ची आहे.

कुठल्याही छोट्या-मोठ्या कारखान्यात शिडीखाली एक हेल्पर उभा असतो. तो उभा आहे म्हणून वरचा निर्धास्त असतो. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात शिडी धरून ठेवण्याला शेवटचा पर्याय म्हटलं आहे, हे वाचून मी जरा चमकले. मग शॉपफ्लोअरवर नुसतं निरखत राहिले, आणि पटलं. शिडीचं वरचं टोक आडवं घसरायला लागलं, तर तळाशी उभा असलेला माणूस ते थांबवू शकत नाही. वरून पाना निसटला तर तो ज्याच्यावर पडतो, तो हाच असतो. शिवाय त्याचं लक्ष टिकून राहावं अशी त्या कामात काहीच सोय नसते. कुणी हाक मारतं, चहा येतो, कुणी म्हणतं जरा तेवढी वायर दे. तो हात सोडतो आणि वरच्याला ते कळतही नाही.

याचा खरा उपाय म्हणजे शिडी वर बांधणे, नाहीतर पायांना आडवा दांडा लावून तळ रुंद करणे, किंवा शिडीऐवजी चाकांचं, ब्रेकचं मचाण देणे. यातल्या प्रत्येकाला पैसे पडतात किंवा वेळ लागतो. हेल्पर मात्र आयताच उपलब्ध असतो. त्या कोवळ्या पोराच्या दोन हातांवर आपण केवढी जबाबदारी टाकलेली असते, हे मला तिथे पहिल्यांदा नीट दिसलं.

५. चुकीच्या जागी लावलेला चांगला नियम लोकांचा सगळ्याच नियमांवरचा विश्वास उडवतो.

हार्नेसचंच, म्हणजे अंगावर घालायच्या सुरक्षा पट्ट्यांचंच घ्या. गर्डरवर, उंच टाकीवर, पावसाळ्याआधी शेडचे पत्रे बदलताना हार्नेस प्राण वाचवतो, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण काही ठिकाणी फर्मान निघतं की शिडीवर पाय ठेवला की हार्नेस हवाच. आता हिशेब करू. हार्नेसला जोडलेला दोर सुमारे पावणेदोन मीटरचा. माणूस पडला की झटका शोषणारा भाग उलगडतो, त्याचा एक मीटर. पाठीवरच्या कडीपासून पायांपर्यंतची लांबी दीड मीटर. वर थोडी मोकळी जागा. म्हणजे दोर अडकवला त्या जागेपासून खाली पाच ते सहा मीटर मोकळे हवेत. तीन मीटरच्या शिडीवर, छातीच्या पातळीला दोर अडकवलेला माणूस दोर त्याला पुरतं थांबवण्याआधीच जमिनीवर पोचतो. आणि अडकवायचं तरी कशाला? अमेरिकी नियमांत अशा आधाराने माणशी ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलोचा भार पेलावा अशी अपेक्षा असते. आमच्याकडे लोक हुक अडकवायचे केबल ट्रेला, कधी चक्क शिडीलाच. माणूस पडला तर शिडीही सोबत येणार.

कामगारांना हे सगळं कळतं. पट्टे घातलेला फोटो निघतो, ऑडिटचा रकाना भरतो, आणि घालणाऱ्याला ठाऊक असतं की याचा उपयोग नाही. अशा नियमाला मी बिनदिक्कत अती म्हणेन. त्याचं नुकसान एवढ्यावर थांबत नाही. उद्या गर्डरवर जाताना तोच माणूस हार्नेसकडे त्याच नजरेने बघतो, आणि तिथे मात्र त्या हार्नेसवर त्याचा जीव अवलंबून असतो.

६. काही नियम इतके साधे असतात की त्यांच्यामागचा विचार दिसेपर्यंत ते क्षुल्लक वाटतात.

लाकडी शिडीला ऑइलपेंट लावू नये, असा एक नियम आहे. शिडी रंगवली की नवी दिसते, पावसात टिकते, मग हरकत काय? हरकत अशी की रंगाखाली तडा दिसत नाही. लाकूड कुठे फाटलं, कुठे किडलं, पायरीचा सांधा कुठे सैल झाला, हे चढणाऱ्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. म्हणून पारदर्शक वॉर्निश किंवा जवसाचं तेल चालतं, रंग चालत नाही. विजेच्या कामाला ॲल्युमिनियमची शिडी नको, हाही तसाच एक ओळीचा नियम. हलकी म्हणून लोक तीच उचलतात, आणि तारेला टेकली की ती शिडी राहत नाही, वीज वाहून नेणारा दांडा होते. ओल्या बांबूचाही भरवसा धरता येत नाही. फायबरग्लासची शिडी थोडी महाग पडते, एवढाच फरक. या नियमांना सही लागत नाही की फॉर्म लागत नाही. खरेदी करणाऱ्याने एकदा विचार केला की पुढची कित्येक वर्षं चढणाऱ्याला तो विचार करावा लागत नाही.

७. बंदी घातली की शिडी जाते, काम तिथेच राहतं.

‘आमच्या आवारात शिडी वापरत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. हेतू चांगला असतो. कुठेतरी अपघात झालेला असतो, वरिष्ठ कार्यालयातून पत्र येतं, शिड्या गोळा होऊन कुलपात जातात. त्यांच्या जागी सरकती मचाणं, उचलणारी यंत्रं पुरेशी आली तर ही बंदी उत्तमच. पण पुष्कळदा एकच यंत्र येतं आणि ते सदैव दुसऱ्या शेडमध्ये असतं. वरचा सेन्सर मात्र बिघडायचा थांबत नाही. मग माणूस ड्रम पालथा घालतो, खुर्चीवर खोकं ठेवतो, किंवा फोर्कलिफ्टच्या काट्यांवर लाकडी पॅलेट ठेवून त्यावर उभा राहतो. यातला प्रत्येक प्रकार शिडीपेक्षा धोक्याचा आहे, आणि यातल्या एकाचीही नोंद कुठल्या वहीत होत नाही. कागदावर शिडीचे अपघात शून्य झालेले असतात.

ब्रिटनमध्ये सरकारने शिड्यांवर बंदी घातली आहे, असा समज तिथे इतका पसरला होता की खुद्द सुरक्षा खात्याला तो खोडून काढावा लागला. बंदी नव्हतीच. थोड्या वेळाचं, कमी जोखमीचं काम असेल, शिडी योग्य आणि माणूस शिकलेला असेल, तर शिडी वापरा, असंच कायदा म्हणत होता. मधल्या लोकांनी आपली बाजू सांभाळायला त्याची बंदी केली. आपल्याकडेही नियम फुगतो तो बहुधा कायद्याची पानं आणि शॉपफ्लोअर यांच्या मधल्या मजल्यांवर. प्रत्येक जण त्यात आपल्या भीतीची एक ओळ वाढवतो.

८. मूळ नियम वाचले की लिहिणाऱ्यांबद्दल आदर वाटू लागतो.

शिडीवर नेहमी तीन आधार हवेत, म्हणजे दोन पाय आणि एक हात, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यावर लगेच प्रश्न येतो की मग खिळा ठोकायचा कसा? ब्रिटनच्या मार्गदर्शनात याचं उत्तर आहे. खिळा ठोकायला सुरुवात करताना तो धरावा लागतो, स्क्रू पहिल्यांदा बसवावा लागतो, तेवढ्या क्षणापुरता हात सुटला तर चालेल. त्याहून जास्त वेळ दोन्ही हात लागणार असतील तर दुसरी सोय करा. हे वाचून मला फार बरं वाटलं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खिळा होता, हातोडी होती. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वर राहावं लागणार असेल तर दुसऱ्या साधनाचा विचार करा, असंही ते सांगतात, आणि तेही सल्ला म्हणून.

२०११ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले प्राध्यापक राग्नार लोफश्टेट यांनी ब्रिटिश सरकारसाठी सुरक्षा कायद्यांचा आढावा घेतला. उंचीवरच्या कामाचे नियम लोकांना गरजेपलीकडे नेत आहेत का, हे तपासा, अशी शिफारस त्यात होती. त्यानंतर मार्गदर्शन सोपं झालं. जिथे जोखीम इतकी कमी आहे की साध्या व्यवहारज्ञानाने वेगळ्या खबरदारीची गरज दिसत नाही, तिथे कायदाही ती मागत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘नियम अती झालेत का’ हा प्रश्न सरकारने स्वतः विचारला, त्याचा अभ्यास करवला, आणि नियम मोडीत न काढता त्यांची भाषा मोकळी केली. आपल्या कारखान्यांतही हे करता येतं. शिकलेल्या माणसाला, ठरलेल्या कामांसाठी, ठरलेल्या शिडीवर रोजचं परमिट नको, असं आम्ही एका ठिकाणी ठरवलं. सह्या कमी झाल्या आणि परमिट ज्या कामांना खरंच हवं, तिथे ते लक्ष देऊन वाचलं जाऊ लागलं.

९. ज्याने धीर येतो त्याने जीव वाचतोच असं नाही, आणि नियमही हे शिकतात.

उंच टाकीच्या किंवा चिमणीच्या पक्क्या लोखंडी शिडीभोवती गोल पिंजरा असतो. पाठीला लोखंडाचा वेढा जाणवला की चढणाऱ्याला आधार वाटतो. अमेरिकेने मात्र २०१६ साली आपले नियम सुधारताना कबूल केलं की हा पिंजरा पडणाऱ्याला थांबवत नाही. हात सुटलेला माणूस त्याच्या आतूनच, कड्यांवर आपटत खाली येतो. म्हणून २४ फुटांपेक्षा उंच पक्क्या शिड्यांवर पिंजऱ्याऐवजी पडताक्षणी धरून ठेवणारी व्यवस्था आली. नोव्हेंबर २०१८ पासून ती नव्या शिड्यांना लागू झाली आणि जुन्या सगळ्या शिड्या बदलायला २०३६ पर्यंत मुदत दिली गेली. मला यातलं दोन्ही महत्त्वाचं वाटतं. जुना समज सोडून देण्याची तयारी, आणि कारखानदाराच्या खिशाचा विचार करून दिलेली जवळजवळ वीस वर्षं. नियम म्हणजे कुणीतरी एकदा घातलेली रेघ असं आपण धरून चालतो, पण चांगला नियम अपघातांकडे बघत बघत स्वतःला दुरुस्त करतो.

१०. शिडीचा सगळ्यात चांगला नियम शिडीची गरजच उरू देत नाही.

गावोगावच्या चौकांत हायमास्टचे, म्हणजे खूप उंच खांबावरचे दिवे असतात. एवढ्या उंचीवरचा दिवा बदलायला वर कुणी चढत नाही. खांबाच्या पोटात विंच असतो, त्याने दिव्यांचं सगळं कडं खाली येतं, वायरमन जमिनीवर उभा राहून दिवा बदलतो. हे मला नीट समजलं तेव्हा कारखान्याकडे बघायची माझी नजर बदलली. हा प्रेशर गेज साडेतीन मीटरवर का बसवलाय? रोज वाचायचा आहे, तर नळी ओढून डोळ्यांच्या उंचीला आणता येईल. हा व्हॉल्व्ह वर का? खाली साखळी सोडून फिरवता येईल. या दिव्याला लांब दांड्याचा चिमटा चालेल का? उंचीवरच्या कामाच्या नियमांची पहिली पायरी हीच आहे: वर चढणं टाळता येतं का ते बघा. नाही टाळता आलं तर पडू नये अशी जागा द्या. तेही नाही जमलं तर पडल्यावर इजा कमी होईल असं करा. शिडी, हार्नेस यांचा विचार पहिल्या पायरीनंतरच येतो.

इथे मला माझी फूटपट्टी सापडली. नियम समोर आला की मी विचारते, हा कुणाला कामाला लावतो? गेज खाली आणायला सांगणारा नियम डिझाइनरला, खरेदीवाल्याला, मालकाला कामाला लावतो. चांगली शिडी मागणारा नियम पैसे देणाऱ्याला कामाला लावतो. ‘मला धोके समजावून सांगितले आहेत’ या वाक्याखाली अंगठा मागणारा नियम फक्त चढणाऱ्याला कामाला लावतो, आणि अपघात झाला तर दोषही त्याच्याच नावावर टाकतो. शिडीचे नियम अती होतात ते या शेवटच्या जातीत. पहिल्या दोन जातींचे नियम मला कुठेही पुरेसे सापडलेले नाहीत.

११. अती नियम फाटकाच्या आत असतात. फाटकाबाहेर बहुतेक ठिकाणी एकही नसतो.

मोठ्या कारखान्यात परमिटवरून वाद घालून आपण घरी येतो, आणि सोसायटीत एसी दुरुस्त करणारा मुलगा चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर एक पाय ठेवून उभा असतो. दिवाळीआधी घरं रंगवणारे दोन घडवंच्यांवर फळी टाकून जिन्याच्या पोकळीवर ब्रश चालवत असतात. इमारतीच्या बाहेरच्या परांचीवर अनवाणी माणसं बांबूला पाय अडकवून बसलेली असतात. कायद्याचे उंबरठे बघा. १९४८च्या कायद्याच्या मूळ व्याख्येत यंत्रशक्ती वापरणारा कारखाना म्हणजे किमान १० कामगार. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तो आकडा २० झाला. बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्यालाही किमान १० कामगार लागत. रंगारी आणि त्याचा पुतण्या मिळून दोन होतात. त्यांच्यासाठी शिडीचा नियम म्हणजे त्यांनी स्वतः घेतलेली काळजी, आणि ती घ्यायला त्या दिवसाची हजेरी परवानगी देईल तेवढीच.

म्हणून ‘आपल्याकडे सुरक्षा नियमांचा अतिरेक झाला आहे’ असं कुणी सरसकट म्हणालं की मला राहवत नाही. ज्यांच्यावर अतिरेक झाला ते थोडे आहेत. घरी कुणी शिडी घेऊन आला तर आपण त्याला चहा विचारतो, तसं शिडीचे पाय बघायलाही हरकत नाही. रबर झिजलं आहे का, फरशी ओली आहे का, दाराआड शिडी लावली आहे का. काम देणारे आपण आहोत, आणि कायदा तिथे पोचत नसला तरी आपण तिथेच उभे असतो.

१२. एकच नियम ठेवायचा झाला तर मी चढणाऱ्याचा ‘नाही’ ठेवेन.

कोन, घर्षण, रबर, रंग, हे सगळं बरोबर असलं तरी एखाद्या सकाळी वारा असतो, पायऱ्या ओल्या असतात, माणूस सलग दुसरी पाळी करत असतो किंवा रात्रभर तापाने जागा असतो. हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. तेव्हा त्याला “आज मी चढत नाही” किंवा “ही शिडी मला नको” असं म्हणता आलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१च्या १५५व्या करारात हे तत्त्व आहे: जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून जो कामगार कामापासून बाजूला होतो, त्याला त्याची शिक्षा होता कामा नये. आपल्या २०२०च्या संहितेतही असा धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेला आणून देण्याचा कामगाराचा हक्क लिहिलेला आहे. अडचण हक्क वापरण्याची आहे. कायम कामगार ‘नाही’ म्हणतो तेव्हा फार तर सुपरवायझर रागावतो. कंत्राटी कामगार ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याचा दिवस बुडतो, आणि उद्या कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्याला आणतो.

म्हणून नवीन ठिकाणी गेले की मी नियमांची फाइल नंतर मागते. आधी कंत्राटी कामगारांना विचारते, “कुणी चढायला नकार दिला होता का? मग त्या दिवसाची हजेरी लागली का?” हजेरी लागली असेल तर तिथले बाकीचे नियम कमी-जास्त असले तरी ते सुधारता येतात. हजेरी कापली गेली असेल, तर भिंतीवरच्या फलकांपेक्षा आधी तो पगार दुरुस्त करायला हवा. त्यासाठी मालकाशी, कॉन्ट्रॅक्टरशी, गरज पडली तर दोघांशीही भांडायची माझी तयारी असते, आणि शिडीखाली उभं राहणाऱ्या प्रत्येकाची असावी असं मला वाटतं.